रविवारची बैठक फ्रेमवाल्यांकडे

या, असे जवळ या. दारात उभं राहून ऐकलेली गोष्ट अर्धी वाऱ्यावर जाते. शाल नीट लपेटा, गुडघा दुखत असेल तर पाय लांब करून बसा, देव काही रागावत नाही. आज तुम्हाला एका लहानशा गावातली गोष्ट सांगायची आहे. राजाराणीची नाही, राक्षसाची तर नाहीच. एका चुकीची आहे. आणि चूक कोणाच्या हातून होत नाही, मायबाप हो? ज्याच्या हातून झाली नसेल त्याने खुशाल उठून जावं. बघा, कोणी हललं नाही.

तर त्या गावात दर शुक्रवारी एक पत्र निघायचं. एकच मोठा कागद, मधोमध दुमडला की चार पानं. त्याची संपादक, बातमीदार आणि लोकांच्या शिव्या खायची धनीण, सगळं एकच बाई. गाव तिला बातमीताई म्हणायचं. जगाच्या बातम्या लोकांना टीव्हीवर मिळत. पण पुलाखाली सापडलेली काळी छत्री कोणाची, वाचनालय दुरुस्तीसाठी किती दिवस बंद, कोणाच्या मुलीला परगावी नोकरी लागली, हे टीव्ही सांगत नाही. ते बातमीताई सांगायची. घरोघर जायची, उंबऱ्यावर टेकायची, चहा घ्यायची आणि बातमी घेऊन उठायची. चहा इतका व्हायचा की तिच्या सासूबाई म्हणायच्या, हिला कुठेही कापलं तर चहाच निघेल.

वर्ष सरत आलं, सुट्ट्या लागल्या, की पत्राचं मागचं पान कार्यक्रमांना जायचं. बाजारपेठेत दिव्यांच्या माळा, शाळेत मुलांचं नाटक, वाचनालयात जुन्या पुस्तकांची विक्री, नदीकाठी म्हाताऱ्यांची चालण्याची शर्यत. दर वर्षी तेच, त्याच क्रमाने. त्या गावात नवीन काही करायचं म्हटलं की सगळ्यांना घाम फुटायचा. म्हणून ताईने एक सोपी रीत बसवली होती. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर मागच्या वर्षीचं पान उघडायचं, तारखा बदलायच्या आणि द्यायचं छापायला. छापखाना तिच्या सख्ख्या मामाचा. मामा नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून पान तपासायचे आणि कुठेतरी एक ऱ्हस्व-दीर्घ पकडला की जग जिंकल्यासारखे हसायचे.

त्या शुक्रवारी सकाळी सासूबाई खिडकीपाशी पत्र घेऊन बसल्या. त्यांची वाचायची तऱ्हा न्यारी. शेवटचं पान आधी, आणि सगळं मोठ्याने, जाहिरातींसकट. ताई आत भांडी घासत होती. दिव्यांच्या माळा झाल्या, नाटक झालं, आणि सासूबाईंचा आवाज पुढे आला:

"रविवारी संध्याकाळी फ्रेमवाल्यांच्या घरी दर वर्षीप्रमाणे गाण्यांची बैठक. फ्रेमवाल्या काकूंचं सर्वांना आग्रहाचं बोलावणं. पहिलं गाणं काकूंचं."

पुढे काही ऐकू आलं नाही. ताईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

फ्रेमवाल्या काकू उन्हाळ्यात गेल्या होत्या, मागे फ्रेमवाले काका एकटेच उरले होते. त्यांच्या जाण्याची बातमी ताईनेच लिहिली होती, काळ्या चौकटीत, डोळे पुशीत. गावाने ती कापून ठेवली होती. आणि त्याच हाताने तिने आता तारीख बदलली होती आणि गेलेल्या बाईला यजमानीण करून ठेवलं होतं.

सासूबाईंनी पत्राची घडी घातली. एरवी जिभेला धार असलेली ती बाई एवढंच म्हणाली, "अगं, तो माणूस हे वाचेल."

 ताई तशीच ओल्या हाताने छापखान्यात गेली. मामांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. त्यांनी त्याच ओळीतला एक दीर्घ ईकार दुरुस्त केला होता. अक्षर दिसलं होतं, बाई दिसली नव्हती. अंक तर उजाडायच्या आत घरोघर पोचला होता. सुटलेला बाण आणि वाटलेलं पत्र, दोन्ही परत येत नाहीत. मामा म्हणाले, आधी फ्रेमवाल्यांकडे जा, पाय धर, मग बाकीचं. ताई हो म्हणाली आणि निघाली.

पण पाय कुठे निघाले? चूक झालेला माणूस जिथे जायला हवं ते घर सोडून बाकी सगळीकडे जातो. ताईने मनाची समजूत घातली की आधी गावाला सांगू, बैठक नाही, कोणी जाऊ नका, म्हणजे काकांच्या दारात गर्दी होऊन त्यांची शोभा व्हायची नाही. आणि ती वळली बेकरीकडे.

बेकरीवाली पावाचे ट्रे बाहेर काढत होती. ताईने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, की वाचलं हो, फार बरं वाटलं. उन्हाळ्यापासून तिला त्यांच्याकडे जायचं होतं. पण गेलं आणि ते रडले तर काय करायचं, म्हणून दर वेळी कोपऱ्यावरून परत फिरायची. आता त्यांनीच बोलावलंय म्हणजे प्रश्न मिटला. रविवारी केक तिच्याकडून.

सांगायचं सोडून ताईने एक पाव विकत घेतला. ती औषधाच्या दुकानात गेली. औषधवाला म्हणाला, काकांना झोपेच्या गोळ्या तोच देतो, पण कसे आहात हे विचारायचा धीर कधी झाला नाही. दुःखी माणसाला त्रास नको, असं त्याच्या बायकोचं मत पडलं होतं. आता बैठक आहे म्हटल्यावर दोघांनी खुर्च्या पाठवायचं ठरवलं होतं. शाळेतल्या बाई भेटल्या, त्यांचंही तेच. जो तो काकांना त्रास होऊ नये म्हणून झटत होता, आणि म्हणून त्या दाराकडे एकही जण फिरकला नव्हता. ताईला आठवलं, की आपणसुद्धा नाही. बातमीसाठी गावातल्या सगळ्या उंबरठ्यांची धूळ पायाला लावली. त्या एका घरी बातमी नाही असं धरून चाललो.

काय गंमत आहे बघा. दया केली सगळ्यांनी, आणि तो माणूस मात्र एकटाच.

दुपार उलटली तेव्हा ताईने मनाचा हिय्या केला आणि ती फ्रेमवाल्यांच्या गल्लीत शिरली.

त्यांचं दुकान आणि घर एकच. पुढच्या खोलीत भिंतीला टेकून काचा उभ्या असायच्या, लहानमोठ्या, मध्ये मध्ये जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालून. दुसऱ्या भिंतीवर लाकडी पट्ट्या, साध्या, नक्षीच्या, सोनेरी. मधोमध भलंमोठं टेबल, त्यावर काच कापायचा हिरा, बारीक खिळ्यांची डबी, सरसाचं भांडं. बैठकीच्या दिवशी काकू काय करायच्या, तर ते टेबल चौघांकडून ओसरीत काढून घ्यायच्या आणि सगळ्या काचा जुन्या गोधड्यांत गुंडाळून मागच्या खोलीत हलवायच्या, लेकरांचा धक्का लागू नये म्हणून. त्या एका संध्याकाळी दुकानाचं घर व्हायचं.

ताईने दार लोटलं आणि ती जागीच थबकली. काका काचा हलवत होते. उघड्या जमिनीवर गोधड्या पसरल्या होत्या. टेबलावर तिचंच पत्र पडलं होतं, मागचं पान वर करून. काकांनी दाढी केली होती, हनुवटीला कापलं होतं, तिथे कागदाचा कपटा चिकटला होता.

"आलीस? बरं झालं," काका म्हणाले. "ही मोठी काच एकट्याच्याने उचलवत नाही. ते टोक धर."

तिने धरलं. माणसाच्या हातात काच असली की त्याला पळता येत नाही. दोघं सावकाश मागच्या खोलीकडे सरकू लागले, आणि काका बोलू लागले. सकाळी वाचलं, म्हणाले, तेव्हा आधी वाटलं डोळ्यांना काही झालं. मग वाटलं, गावाने मिळून ठरवलं असणार. तिचं नाव तसंच ठेवायचं कोणाला तरी सुचलं. तिच्या नावाने बोलावणं गेलं. असं कोणाला सुचेल, तर तुलाच, हे त्यांना तेव्हाच कळलं.

आता सांगा, मायबाप हो, तुम्ही काय केलं असतंत? गप्प बसायला काय लागतं? हो काका, म्हटलं की काम झालं. म्हाताऱ्याला आनंद, हिला पुण्य, वर शाबासकी फुकट. ताईच्याही मनात ते आलं. ती काही देवळातली मूर्ती नव्हती. पण काचेपलीकडून तिला काकांचं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडाशी खोटं बोलायला तिला जमेना. उद्या मामांच्या तोंडून सुटलं तर? आणि न सुटलं तरी काय, आपल्याला तर ठाऊक राहणारच.

"काका," ती म्हणाली, "ही चूक आहे. मी मागच्या वर्षीचं पान काढलं आणि नुसती तारीख बदलली. मला काही सुचलं नव्हतं. काकूंचं नाव माझ्या लक्षातच आलं नाही."

काका थांबले. काच दोघांच्या मध्ये उभी. त्यांच्या हाताची पकड सैल होते की काय, असं ताईला वाटलं आणि तिने आपलं टोक आणखी घट्ट धरलं. तोंड फिरवून ते भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. बोलले तेव्हा आवाज चढला नव्हता. चढला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

"म्हणजे कोणी येणार नव्हतं."

"येणार आहेत, काका. सगळे येणार आहेत. त्यांना वाटतंय तुम्ही बोलावलंय."

आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. बेकरीवाली कोपऱ्यावरून फिरायची ते, औषधवाल्याचं, शाळेतल्या बाईंचं, स्वतःचंही. तुम्हाला त्रास नको म्हणून कोणी आलं नाही, म्हणाली.

"त्रास नको, असं तुम्ही ठरवलंत," काका म्हणाले. "मला कोणी विचारलं? मी रोज संध्याकाळी दार उघडं टाकून बसतो. लोक पलीकडच्या बाजूने जातात, मान खाली घालून, जसा काही मी कोणाला चावतो. तिचं नावसुद्धा कोणी काढत नाही माझ्यासमोर. मला वाटायला लागलं होतं की ती होती हे मलाच आठवतंय."

 ताईला डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. तिने म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं करते. आत्ता घरोघर जाऊन सांगते की बैठक नाही, चूक माझी.

काकांनी काचेचं टोक सावरून धरलं आणि विचारलं,

"चुकीचं छापून आलं की तुमच्यात काय करतात?"

"पुढच्या अंकात दुरुस्ती देतात."

"पुढचा अंक कधी?"

"शुक्रवारी."

"आणि बैठक?"

"रविवारी."

"मग कसली घाई करतेस?" काका म्हणाले. "टोक वर घे. दाराच्या चौकटीला लागेल."

रविवारी पुढची खोली भरली, ओसरी भरली. औषधवाल्याच्या खुर्च्या कमी पडल्या. बेकरीवालीने केक आणला आणि दारातून आत येताच तिला रडू फुटलं. काकांनाच तिला पाणी द्यावं लागलं, म्हणजे जे व्हायला नको म्हणून ती इतके महिने टाळत होती ते उलट्या अंगाने झालं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. सासूबाई ताईचा हात धरून आल्या आणि सगळ्यांत चांगली खुर्ची बघून बसल्या. मामा मात्र भिंतीला चिकटून उभे, कोणी ओळखीचं दिसलं की चष्मा पुसायचे.

मग वेळ झाली आणि सगळे गप्प झाले. पहिलं गाणं काकूंचं. छापून आलं होतं, घरोघर पोचलं होतं. कोणी सुरुवात करायची? ज्याने केली तो काकूंच्या जागी बसल्यासारखा. शाळेतल्या बाई गाणाऱ्या, पण त्यांनीही मान खाली घातली.  एक खोकला आला तोही अर्ध्यावर गिळला गेला. ताईला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

काका मधोमध बसले होते. गाण्याच्या बाबतीत तो माणूस औरंगजेब. सूर त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. ते सगळ्यांकडे बघून म्हणाले,

"दर वर्षी ती गाताना पट्टी फार वर धरायची. दुसऱ्या ओळीत दम लागायचा. मग थांबायची, 'काय बाई माझं' म्हणायची आणि पुन्हा खालून सुरू करायची. एकदाही तिला पहिल्या फटक्यात जमलं नाही."

आधी कोणी हसलं नाही. मग सासूबाई फिसकन हसल्या. म्हणाल्या, तिने एकदा तीनदा सुरू केलं होतं, आणि तिसऱ्यांदाही वरच. त्यावर औषधवाल्याला काही आठवलं, त्याच्या बायकोने त्याला मध्येच तोडून ते नीट सांगितलं. बेकरीवालीला आठवलं, काकूंनी तिच्या लग्नाचा फोटो उलटा चौकटीत बसवून दिला होता आणि घरी नेईपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काका म्हणाले, तो मी बसवला होता, तिने माझ्यासाठी बोलणी खाल्ली. एकेकाच्या तोंडून काकू निघत गेल्या. महिनोन् महिने साठलेलं, त्रास नको म्हणून गिळलेलं सगळं बाहेर आलं, आणि काका ऐकत होते, डोळे वाहत होते, हसतही होते. गाणी फार उशिरा सुरू झाली. शाळेतल्या बाईंनी पट्टी वर धरली. मुद्दाम की घाबरून, कोण जाणे. पण दुसऱ्या ओळीत त्यांना दम लागला, आणि सगळी खोली त्यांच्याबरोबर थांबली आणि पुन्हा खालून सुरू झाली.

ताईने शुक्रवारी दुरुस्ती छापली. चूक ती चूक, तिला बैठकीचा शेंदूर फासून तिने देव केलं नाही. पण तेव्हापासून ती त्या घरी जाते. बातमी नसतानाच जाते. काका कधी बोलतात, कधी नुसते पट्ट्या घासत बसतात, आणि ती टोक धरते.

झाली गोष्ट. आता माझं एकच मागणं, आणि ते दक्षिणेचं नाही. तुमच्याही गल्लीत कोणी दार उघडं टाकून बसलेलं असेल, ज्याला तुम्ही चांगल्या मनाने एकटं सोडलंय. त्या माणसाला आज घरी जाताना आठवा. आणि त्याच्यासमोर, त्याचं जे माणूस गेलं, त्याचं नाव घ्या.