विकणे आहे

"कोच, पुढच्या वर्षी तुम्ही इथेच असणार का?"

मी माईकमध्ये विचारलं आणि डॉटीच्या खानावळीतले चमचे वाजायचे थांबले.

दर बुधवारी संध्याकाळी डॉटीकडे टॅगर्ट कॉलेजच्या फुटबॉल कोचचा रेडिओ कार्यक्रम असतो. अख्खं विलोबी गाव राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल खायला जमतं आणि निवेदक लायल टेबलाटेबलांवरून माईक फिरवतो. प्रश्न ठरलेले असतात. "चेंडू सारखा फेकायचा कशाला? पोरांना पळायला काय होतं?" किंवा "तो किक मारणारा पोरगा, त्याला चष्मा लागलाय का हो?" असले. शाळेतल्या पोरींनी काही विचारायचं नसतं, कोपऱ्यात बसून फोनमध्ये बघायचं असतं. म्हणूनच तर ब्रिननं पैज लावली.

"विचारलंस तर महिनाभर माझा रोल तुझा," ती म्हणाली होती. "नाही विचारलंस तर तू भित्री भागूबाई. बारावी संपेपर्यंत."

कोचनं तोंडातला घास सावकाश संपवला. "नाव सांगा, बाई. गाव ऐकतंय."

"जोरी टॉलिव्हर. तुमच्याच घरी राहते. वरच्या खोलीत."

काय हशा पिकला! लायलच्या हातातला माईक हलत होता. कोच, म्हणजे माझे बाबा, खुर्चीत मागे रेलले. "बाई, आयुष्यात पहिल्यांदा घर विकत घेतलंय आम्ही. भाड्याचं नाही. गवत कापायचं यंत्रसुद्धा घेतलंय. आता बोला!"

टाळ्या पडल्या. ब्रिननं तिचा रोल माझ्या ताटात सरकवला आणि मी तो तिच्याकडे बघत बघत, बोटं चाटून खाल्ला.

दोन वर्षांपूर्वीच्या मला हे सांगितलं असतं, तर ती टेबलाखाली जाऊन बसली असती. कोचच्या मुलीला आपली अशी एक शाळा नसतेच, एकामागून एक शाळा असतात. टीम हरली की कोचला काढतात. टीम जिंकली की मोठं कॉलेज त्याला उचलून नेतं. दोन्हीकडून आपलं सामान खोक्यात. त्यामुळे मी मुलींची नावं पाठ करायचंच सोडून दिलं होतं. मागच्या बाकावर बसायचं, कुणी विचारलं तर मान हलवायची. एका शाळेत तर शिक्षिकेला वर्षअखेरीपर्यंत वाटत होतं की मला बोलता येत नाही.

विलोबीत आलो तेव्हा मला वाटलं, हे तर सहा महिन्यांचंच काम आहे. कारण टीम! आमचा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा, लंबगोल चेंडूचा. टॅगर्टची पोरं आदळायची, पण नेमकी आपल्याच माणसावर. आधीच्या तीन वर्षांत एकही सामना जिंकलेला नव्हता. टीमचं नाव क्रेन्स, कारण वसंतात इथे नदीवर सारस उतरतात. पाहुण्या टीमचे लोक हात पसरून पंखांसारखे फडफडवायचे आणि ओरडायचे, "उडा! उडा! घरी जा!" आमच्या बाजूला कोण असायचं? बँडमधली चार डोकी, खेळाडूंच्या आया आणि कंटाळलेला एक कुत्रा.

बाबांचं पहिलं वर्ष असं गेलं की आठवलं तरी दात आवळले जातात. सरावाला निम्मी पोरं उशिरा यायची. दोघं हंगामाच्या मधेच कॉलेज सोडून गेले, तेही फोनवर मेसेज टाकून. जिंकत आलेला सामना शेवटच्या मिनिटाला हातचा जायचा, आणि तोसुद्धा कसा, तर आमच्याच खेळाडूनं आनंदानं हेल्मेट काढून भिरकावलं म्हणून दंड! मी उशीत तोंड खुपसून किंचाळले होते.

आणि मग पाट्या.

इथली रीत अशी की कोच हरला की कुणीतरी त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवून जातं. अर्थ सरळ आहे. सामान बांध, चालू लाग. रविवारी सकाळी पडदा सरकवला की गवतावर त्या पाट्या उभ्या. पुठ्ठ्याच्या, पत्र्याच्या, एक तर चक्क बाळाच्या पाळण्याच्या फळीची. आई त्यांना पाहुणे म्हणायची.

"जोरी, पाहुणे किती आलेत बघ गं."

"पाच. एकानं 'विकणे' ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलंय."

"मग तो आपल्या कॉलेजचाच."

मी त्या उपटून गॅरेजमध्ये ढीग करायची. एका रविवारी उपटताना रस्त्यावरून एक मुलगी सायकलवरून आली आणि थांबली. "ती पिवळी पाटी माझ्या काकाची आहे," ती म्हणाली. "सॉरी हं. तो तसा बरा माणूस आहे, फक्त फुटबॉलपुरता गाढव."

ही ब्रिन हावलिचेक. ती गॅरेजमध्ये आली, ढीग बघितला आणि म्हणाली, "अगं, मागची बाजू कोरी आहे की!" त्या दुपारी आम्ही रंग आणला आणि त्या सगळ्या पाट्यांच्या पाठीवर मोठमोठे सारस काढले. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी त्या पाट्या नाचवत मैदानाच्या कडेला उभ्या होतो. घसा बसेपर्यंत ओरडलो. टीम हरलीच. पण त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही सहाजणी होतो आणि यंदाच्या हंगामात तर अख्खा वर्ग. माझ्यामागे! मी 'क्रेन्स' म्हटलं की शंभर जण 'उभे रहा' म्हणतात. मला सगळ्यांची नावं पाठ आहेत. आडनावांसकट.

टीमही हळूहळू सुधारायला लागली, म्हणजे गोगलगायीच्या वेगानं. बाबांनी एक नियम केला होता. टीम सोडून जायचं असेल तर खुशाल जा, पण मेसेज टाकायचा नाही. समोर उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं आणि तोंडानं सांगायचं. गेल्या हिवाळ्यात झीक तसा आला होता. झीक म्हणजे आमचा क्वार्टरबॅक, सगळी टीम चालवतो तो. त्याला एका मोठ्या कॉलेजनं बोलावलं होतं. तो आमच्या स्वयंपाकघरात टोपी चुरगाळत उभा राहिला.

"कोच, मी जातोय."

"जा," बाबा म्हणाले. "पण मला एक सांग. तिथे तू तयार टीममध्ये जाऊन बसशील. इथे जी होईल ती तुझी असेल. हे अर्धं बांधलेलं टाकून गेलास, तर झोप लागेल?"

झीकनं फ्रीजकडे बघितलं. मग म्हणाला, "जेवायला काय आहे?"

तो राहिला. तेव्हापासून दर रविवारी तो आमच्याकडे जेवतो आणि बटाटे संपवतो.

यंदा आम्ही निम्मे सामने जिंकले. निम्मे! शेवटचा सामना डॉटीकडच्या त्या बुधवारनंतरच्या शनिवारी, हॅस्किन कॉलेजशी होता. त्यांचे लोक पंख फडफडवत आले आणि गुपचूप गाड्यांत बसून गेले. झीकनं शेवटचा चेंडू आमच्या वर्गातल्या मारिसोलच्या भावाकडे फेकला आणि त्यानं तो पडता पडता छातीशी धरला. मारिसोल माझ्या खांद्यावर चढून रडत होती. माझ्या केसांत तिचं सरबत सांडलं होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आणि रविवारी सकाळी पडदा सरकवला, तर अंगणात पाटी.

जिंकल्यावर! मला असा संताप आला! हरलो तर शिव्या, जिंकलो तरी शिव्या, या गावाचं करायचं काय? मी पायात बूट घातले, कोट नाही की काही नाही, आणि गेले. ही पाटी इतरांसारखी नव्हती. लोखंडी चौकट होती आणि जमिनीत खोल गेलेली. मी ती हलवली, लाथा घातल्या, शेवटी मिठी मारून उपटली आणि धपकन मागे पडले. ब्रिनला फोन केला. "ये. आज भारी माल आलाय. रंग आण."

पुढे काय लिहिलंय ते न बघताच आम्ही पाटी गॅरेजमध्ये पालथी घातली आणि सारस काढायला घेतला. पंख ब्रिनचे, चोच माझी. "कुणी खर्च केलाय बघ," ब्रिन म्हणाली. "लोखंड काय, वेल्डिंग काय. माझ्या काकाची एवढी ऐपत नाही."

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि मिसेस ओडेगार्ड उतरल्या. चर्चच्या कपड्यांत होत्या. त्या गावातली घरं विकून देतात.

"जोरी बाळा, माझी पाटी कुठे गेली गं?"

"तुमची?"

"हो ना. आईंना म्हटलं होतं मंगळवारी लावते, पण जमीन गोठायला लागलीय. एकदा गोठली की मार्चपर्यंत खांब आत जात नाही. म्हटलं, आजच रोवून ठेवू." त्यांनी गॅरेजमध्ये डोकावलं. "अगंबाई. हा बगळा कुणी काढला?"

"सारस आहे तो," ब्रिन म्हणाली. आणि मग आम्ही दोघींनी पाटी उलटी केली. विकणे आहे. खाली मिसेस ओडेगार्डांचा हसरा फोटो आणि फोन नंबर.

ब्रिननं ब्रश डब्यात ठेवला.

स्वयंपाकघरात आई बटाटे सोलत होती आणि बाबा टेबलाशी बसले होते. माझ्या हाताला निळा रंग होता, तो मी मुद्दाम पुसला नाही.

"मिसेस ओडेगार्ड आल्यात," मी म्हटलं. "त्यांची पाटी मी उपटली. खरी होती म्हणे."

आईची सुरी थांबली. "तिला मंगळवार सांगितला होता मी."

"बस, जोरी," बाबा म्हणाले.

"नाही बसत."

मग सगळं निघालं. दुसऱ्या राज्यातलं मोठं विद्यापीठ. मुख्य कोच नाही, दुय्यम काम, पण स्टेडियम असं की अख्खं विलोबी त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. सोमवारी टीमला सांगणार होते.

"म्हणजे आधी टीमला? छान!"

"तुला आज सांगणार होतो. जेवणानंतर."

"बुधवारी माहीत होतं तुला? मी डॉटीकडे विचारलं तेव्हा?"

बाबा म्हणाले, "मी खोटं बोललो नाही. मी म्हणालो, घर घेतलंय. घेतलंच होतं."

"बाबा!"

"या धंद्यात असंच असतं, जोरी. असं बोलावणं परत येत नाही. आणि तू काय, कुठेही रमतेस."

"मी कुठेही रमत नाही!" माझा आवाज बाहेर ब्रिनपर्यंत गेला असणार. "मी फक्त गप्प बसते, तुम्हाला ते रमल्यासारखं दिसतं! इथे मी पहिल्यांदा रमलेय, आणि तुला ते दिसलंसुद्धा नाही. दर शनिवारी तुझ्या पाठीमागे तर ओरडत होते!"

आई म्हणाली, "मी याला म्हटलं होतं, पोरीची बारावी होऊ दे." पण ती बटाट्याकडे बघून म्हणाली, बाबांकडे नाही.

दारावर थाप पडली. झीक होता. नाक थंडीनं लाल आणि तोंडभर हसू. "कोच, जिंकल्यावरसुद्धा पाटी? गॅरेजमध्ये बघितली मी. आपल्या गावाला खरंच कळत नाही काही!"

कुणीच हसलं नाही. झीक माझ्याकडे बघायला लागला. मी बाबांकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "समोर उभं राहायचं. डोळ्यांत बघायचं."

बाबा उठले आणि त्याला घेऊन पुढच्या पायऱ्यांवर गेले. मी खिडकीतून बघत होते. बाबा बोलत होते, झीक ऐकत होता, तोंडातून वाफ फक्त बाबांच्या येत होती. शेवटी झीकनं हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

"अभिनंदन, कोच," एवढं काचेतून ऐकू आलं.

"जेवून जा," बाबा म्हणाले.

"नको. भूक नाही."

झीकला भूक नाही! तो गाडीत बसला. गाडी बराच वेळ सुरू न होता तशीच उभी होती, मग गेली. बाबा आत आले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. पातेल्यात बटाटे उकळत होते, पाणी गॅसवर सांडत होतं, आणि आई ते बघतही नव्हती.

मी बाहेर डोकावून ब्रिनला फक्त एक शब्द विचारला, "तुझ्याकडे?" ती तिच्या आईला फोन लावूनच बसली होती. तिनं अंगठा वर केला.

मग मी स्वयंपाकघराच्या अगदी मध्ये जाऊन उभी राहिले, जिथे झीक उभा राहिला होता तिथे. हात खिशात घातले.

"कोच," मी म्हटलं. "तुमचा नियम आहे म्हणून समोर उभी राहून सांगतेय. आई, तूही बघ इकडे. तुम्ही जा. मी तुमच्यावर रागावलेय आणि बरेच दिवस रागावलेली असणार आहे, पण तुम्ही जा. मी येत नाहीये. बारावी मी इथेच करणार, ब्रिनच्या घरी राहून. आणि पुढच्या हंगामात जो कोण कोच येईल, त्याच्या मागे शनिवारी मी उभी असणार. पाटी घेऊन."