योस्टदादानं कप्तानाला काय सांगितलं

खोटं कशाला बोलू, पाणी मीच ओतलं होतं. आणि तेही सख्ख्या भावाच्या अंगावर. फिलाडेल्फियाच्या सरकारनं खिडक्यांच्या हिशेबानं घरांवर कर बसवला, आणि खिडक्या मोजायच्या कामाला लागला कोण, तर आमचा योस्टदादा! जानेवारीत तो वही घेऊन दाराशी आला तेव्हा मी आणि शेजारची टिली उकळत्या पाण्याचा हंडा धरून माडीवर उभ्याच होतो. त्याच्या मानेवर अजून चट्टा आहे. त्या दिवशी अख्खा गाव पोट धरून हसला होता.

एप्रिलमध्ये सैन्य आलं आणि सगळ्यांचं हसू पळालं. मधल्या काळात आमची माणसं बंदुका घेऊन जवळच्या बेथलेहेम गावी गेली होती. कराला विरोध केला म्हणून सरकारनं तिथल्या खानावळीत कोंडलेले शेजारी त्यांनी सोडवून आणले होते. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. तरी म्हणे हा देशद्रोह, आणि देशद्रोहाला फाशी. माझा हेनर त्यात होता. टिलीचा वेंडेलही होता.

सैनिक आमच्या गावात शिरायच्या आदल्या दिवशी मी दादाकडे धावले. तो टोपीला काळी फीत लावून बसला होता, सरकारच्या बाजूची माणसं लावतात तशी.

"दादा, कप्तानाला आपली जर्मन बोली येत नाही. उद्या तो तुलाच घेऊन घरोघर फिरणार. हेनरचं नाव काढू नकोस रे."

"हेनरनं मत दिलं होतं ना? मग निवडून आलेल्यांनी केलेला कायदा पाळायचा. नाही पटला तर पुढच्या निवडणुकीत पाडा त्यांना. तोवर गप्प बसायचं. लोकांचं राज्य म्हणतात ते हे."

"वा रे राज्य! दोन वर्षांतून एक दिवस बोलायचं आणि बाकीचे दिवस तोंडाला कुलूप? मला बाईला तर तो एक दिवसही नाही. मग इंग्लंडचा राजा काय वाईट होता? बाबांनी त्याच्याविरुद्धच्या लढाईत पाय घालवला तो कशासाठी?"

"राजाला आपण निवडलं नव्हतं, प्लोनी. उद्या गावोगाव लोक बंदुका घेऊन उठले आणि हा कायदा नको, तो नको म्हणाले, तर उरेल काय?"

"माणसं उरतील, मेल्या! माझा नवरा उरेल!"

"मी बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय. खोटं नाही बोलणार."

आणि दादा खरंच कधी खोटं बोलला नव्हता. लहानपणी बाबांची काठी माझ्या पाठीत बसायची ती याच्याच खरेपणामुळं. मी तशीच घरी परतले.

सकाळी घोडे आले. "पळ," मी हेनरला म्हणाले. "पळालो तर तुला नेतील," असं म्हणून तो टेबलाशी बसून राहिला.

कप्तान आत आला, मागून दादा. कप्तानानं इंग्रजीत काही विचारलं. दादा इंग्रजीत बोलायला लागला. मला ओ की ठो कळेना. मी नुसती दोघांच्या तोंडांकडे बघत होते. मध्येच 'हेनर' ऐकू आलं. मग परत एकदा. कप्तानानं हेनरला आपादमस्तक न्याहाळलं. संपलं, मी मनात म्हटलं, नेणार आता.

दादा बोलतच होता. कप्तानानं बायबल पुढं केलं. दादानं त्यावर हात ठेवला. कारकुनानं कागदावर काहीतरी लिहिलं, आणि सगळे बाहेर पडले. हेनर होता तिथंच बसलेला.

दादा क्षणभर मागं थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय सांगितलंस?"

"हेनर त्या दिवशी तापानं अंथरुणात होता, मी डोळ्यांनी बघितलं, असं सांगितलं."

मी त्याच्या गळ्यात पडले. त्यानं मला दूर ढकललं.

"सोड. मग इथून माणसं घेऊन कोण गेलं, असं त्यानं विचारलं. एक नाव त्याला हवंच होतं. वेंडेल म्हणालो. तो पुढं होताच."

"दोघंही पुढं होते, दादा."

"वेंडेल माझ्या बहिणीचा नवरा नाही," तो म्हणाला, आणि खाली मान घालून निघून गेला.

खिडकीतून दिसलं. वेंडेलला हात बांधून गाडीत चढवत होते. टिली अनवाणी गाडीमागं धावत होती. हेनर उठला. "मी जातो. मीही होतो म्हणून सांगतो त्यांना."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "बस खाली."

"प्लोनी, तो एकटा..."

"बस म्हणते ना!"

तो बसला. देवा, त्या क्षणी मला त्याच्या बसण्याचा आनंदच झाला. गाडीची खडखड दूर जाईपर्यंत मी दारापासून हलले नाही.

मग दार वाजलं. टिली होती. पाय चिखलानं भरलेले.

"प्लोनी, तुझ्या दादाचं कप्तान ऐकतो गं. माझ्या वेंडेलसाठी एक शब्द टाक म्हणून सांग ना त्याला. तो खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या शब्दाला मान देतील."

तिचे हात गार पडले होते. मी ते हातांत घेतले.

"सांगते," मी म्हणाले. "आजच सांगते."