दर तिसरा मणी

वहिनीनं प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर शोधाच्या चौकटीत प्रोटीनचं नाव टाकलं आणि एंटर दाबायच्या आधी मान वळवून मागे पाहिलं.

मागे, खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बेबी बसली होती. पायांशी बॅग, मांडीवर छपाईचे कच्चे कागद, हातात तांबडी पेन्सिल. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं, उद्या सकाळी स्वतःची एक किडनी भावाला द्यायची, आणि ही बाई कुठल्याशा पक्ष्यांच्या पुस्तकाची सूची तपासत बसली होती. बेबी म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. वय चाळिशीला टेकलं तरी घरात ती बेबीच होती, आणि छापखान्यातले लोक तिला बाई म्हणाले की तिला स्वतःलाच हसू यायचं.

"तुझं चालू दे," बेबी मान वर न करता म्हणाली. "मी काही पळून जात नाही."

"पळालीस तरी तुझा दादा पकडून आणेल."

"तो? एक जिना चढताना दोनदा बसतो तो."

दोघी हसल्या. वहिनी जरा जास्तच हसली आणि तिनं एंटर दाबलं.

या प्रयोगशाळेत एक रीत होती. घरच्या माणसाचा रिपोर्ट आपण बघायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. डोळा आपल्याला हवं तेच बघतो, असं सगळ्यांचं मत होतं, आणि ते मत अनुभवातून आलेलं होतं. वहिनीनं ही रीत कसोशीनं पाळली होती. नवऱ्याची किडनी कशामुळे गेली हे शोधण्यासाठी हॉस्पिटलनं त्याची जनुकं तपासली, तेव्हा तिनं रिपोर्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या किडनीच्या गाळणीतल्या एका प्रोटीनमध्ये एक बदल सापडला होता. या बदलाचा अर्थ नक्की सांगता येत नाही, असं रिपोर्टात लिहिलं होतं. तोच बदल बेबीतही निघाला, आणि मोठे डॉक्टर अडून बसले. हा बदल आजाराचा असेल तर बहिणीची किडनी घेता येणार नाही, निरुपद्रवी असेल तर खुशाल घेऊ, असं त्यांचं म्हणणं.

मग बेबीनंच एक कागद आणून त्यांच्यापुढे ठेवला. हे बदल जिथे नोंदलेले असतात ती वेबसाइट जगात कुणालाही उघडता येते, आणि ती कशी बघायची हे वहिनीनंच तिला एका रविवारी हौसेनं शिकवलं होतं. त्या कागदावर बदलाच्या जागी हिरवा ठिपका होता. म्हणजे निरुपद्रवी. हजारो धडधाकट माणसांत सापडलेला. हॉस्पिटलच्या तपासनिसानं आकडा जुळवला, सही केली, आणि त्या दिवशी सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला.

आज घटका इतकी जवळ आल्यावर वहिनीला राहवलं नाही. एकदा आपल्या डोळ्यांनी तो हिरवा ठिपका बघावा, एवढंच तिच्या मनात होतं. देवासमोर हात जोडावेत तसं.

पान उघडलं. वर प्रोटीनची लांब आडवी रेघ, रेघेवर ठिपक्यांची गर्दी. तांबडा म्हणजे आजाराचा, हिरवा म्हणजे निरुपद्रवी, राखाडी म्हणजे अजून कुणाला ठाऊक नाही. तिनं पर्समधल्या भरतीच्या कागदांतून नवऱ्याच्या रिपोर्टची प्रत काढली, आकडा पाहिला आणि रेघेवर त्या जागी गेली. हिरवा. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ; या जागी मूळ मणी ग्लायसिन, बदललेला सेरीन. रिपोर्टातही तेच.

तिनं श्वास सोडला. प्रत घडी घालायला उचलली, आणि तिची नजर तळाच्या बारीक अक्षरांवर गेली.

तिथे प्रोटीनच्या रूपाचा क्रमांक होता. बऱ्याच प्रोटीनची शरीरात एकाहून अधिक रूपं असतात, एक लांब, एक थोडं आखूड. वेबसाइट आपणहून लांब रूप दाखवते. रिपोर्टात मोजणी होती ती आखूड रूपाची.

वहिनीनं प्रत पुन्हा टेबलावर पसरली.

असला घोटाळा सहसा लगेच पकडला जातो. चुकीच्या रूपात गेलं की त्या आकड्याला भलताच मणी सापडतो आणि नवशिकाही म्हणतो, थांबा, जुळत नाही. पण हे प्रोटीन दोरखंडासारखं पिळाचं होतं, आणि अशा प्रोटीनमध्ये दर तिसरा मणी ग्लायसिनच असतो. दोन रूपांत फरक त्या जागेच्या अलीकडच्या चोवीस मण्यांचा. तीननं सरळ भाग जाणारा. म्हणजे चुकीच्या ठिकाणी गेलात तरी तिथे ग्लायसिन तुमची वाट बघत उभं. आकडा जुळला, मणी जुळला, सही झाली.

तिनं रूप बदललं. रेघ सरकली. तिनं पुन्हा आकडा टाकला.

तांबडा.

नुसता तांबडा नव्हता. खाली घराण्यांची नोंद होती. चाळिशीपर्यंत ठणठणीत, मग हळूहळू सूज, मग डायलिसिसचं मशीन. एका घरातली तीन भावंडं, दुसऱ्या घरातला बाप आणि मुलगी. नवऱ्याचीच कहाणी कुणी परक्या माणसानं आधीच लिहून ठेवली होती.

फोन वाजला तशी ती दचकली. नवराच होता.

"काय गं, निघालात का?"

"निघतोच आहोत."

"मला मित्र गाडीनं सोडतोय. आणि ऐक, बेबीला सांग चष्मा घे म्हणावं, नाहीतर तिथे पडल्या पडल्या वाचता येणार नाही म्हणून माझं डोकं खाईल." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "मी तो काचेचा मोठा जग धुऊन ठेवलाय."

"आत्तापासून?"

"असू दे की. दिसायला तरी दिसतो."

तिनं फोन ठेवला. तीन वर्षं हा माणूस पाणी मोजून पीत होता. उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा तोंडात धरून खुर्चीत बसायचा आणि तो विरघळू नये म्हणून बोलायचाही नाही. मशीनवरून घरी आला की चेहरा राखेच्या रंगाचा, बूट काढायचंही त्राण नाही. किडनी बसली की आधी अख्खा जग तोंडाला लावणार, उभ्या उभ्या, आणि कुणी मधे बोलायचं नाही, असं त्यानं घरात जाहीर करून टाकलं होतं.

वहिनीला तो जग हवा होता. तिनं ते स्वतःपासून लपवलं नाही. तिला तिचा नवरा परत हवा होता, जिन्यावर न बसणारा, वाकून बूट काढणारा. आणि हे पान आत्ता बंद केलं तर कुणालाही कळणार नव्हतं. सही दुसऱ्याची होती. चूक दुसऱ्याची होती. तिनं तर रीतीप्रमाणे रिपोर्ट पाहिलेलाच नव्हता.

"दादा काय म्हणाला?" बेबीनं विचारलं.

"चष्मा घे म्हणाला."

"घेतलाय." पेन्सिल थांबली. "आणि तुझं ते काय? दिसलं का?"

वहिनीनं माउस हलवला. पान मिटून पडद्याच्या तळाशी गेलं आणि निळा रिकामा पडदा उरला.

"दिसलं ना. हिरवंच आहे."

"बरं झालं," बेबी म्हणाली.

ती पुन्हा कागदांत वाकली. खोलीत फ्रीजची घरघर होती आणि बाहेर व्हरांड्यात कुणीतरी काचेच्या बाटल्यांची ट्रॉली ढकलत नेत होतं. वहिनी निळ्या पडद्याकडे बघत राहिली. वहिनीच्या लग्नात बेबी करवली होती, तेव्हा ती शाळेत जायची. नवी वहिनी पहिल्या रात्री रडते आहे हे तिनंच ओळखलं होतं, आणि कुणाला न सांगता आपली उशी घेऊन शेजारी येऊन झोपली होती. त्या पोरीला उद्या एका कुशीवर कापणार. उरलेली एक किडनी काही वर्षांनी निकामी व्हायला लागणार, आणि तेव्हा तिला द्यायला कुणी उरलेलं नसेल.

पेन्सिलीचा आवाज बराच वेळ आला नव्हता. बेबीनं तेवढ्या वेळात एकही पान उलटलं नव्हतं.

"बेबी."

"हं."

"इकडे ये."

"आता काय?"

"ये म्हणते ना. मी खोटं बोलले."

बेबी स्टुलावरून उतरली. वहिनीनं पान पुन्हा वर आणलं आणि खुर्ची बाजूला सरकवली. तिला वाटलं होतं की आता समजावून सांगावं लागेल, दोन रूपं, चोवीस मणी, दर तिसरा ग्लायसिन. तिनं बोट पडद्यावर ठेवलं सुद्धा. पण बेबीनं तांबड्या ठिपक्याकडे पाहिलंच नाही. तिनं आधी वरच्या कोपऱ्यात पाहिलं, रूपाचा क्रमांक असतो तिथे.

"आवृत्ती बदललीस तू," ती म्हणाली.

वहिनीनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

"सूची करणाऱ्याचं पहिलं काम तेच असतं, वहिनी. कुठल्या आवृत्तीची पानं मोजलीत ते बघायचं. जुन्या सूचीला नवं पुस्तक लावलं की घुबडाच्या जागी बगळा." ती हसायचा प्रयत्न करत होती. "पहिल्यांदा हिरवं दिसलं तेव्हा मी स्वयंपाकघरात नाचले अक्षरशः. मग सवयीनं खालची ओळ वाचली."

"आणि तरी तो कागद डॉक्टरांना दिलास?"

"हिरवा छापला आणि दिला."

"तुला कळतंय का तू काय केलंस?" वहिनीचा आवाज चढला. "तू स्वतः आजारी पडणार आहेस, बेबी! आणि तुझी किडनी त्याच्यात तरी किती टिकली असती?"

"टिकली असती काही वर्षं. दहासुद्धा. दादाला दहा वर्षं म्हणजे किती होतात तुला माहिती आहे?"

"आणि तुला?"

बेबीनं पेन्सिल कानावर खोवली, पुन्हा काढली. "माझं नंतर बघितलं असतं."

"कुणी बघितलं असतं?"

बेबी टेबलाच्या कडेला टेकली, आणि एकदम दमल्यासारखी दिसायला लागली.

"मी हिशेब केला होता," ती म्हणाली. "तुमच्याकडे घरचं बघत नाहीत, म्हणून तू बघणार नाहीस. आणि बघितलंस तरी बोलणार नाहीस असं वाटलं."

वहिनीला ते लागलं. लागलं, कारण खरं होतं.

"मघाशी नाहीच बोलले," ती म्हणाली.

"मला कळलं. तू हिरवं म्हणालीस तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलो आपण." बेबीनं नाक पुसलं. "आणि मग इतकी भीती वाटायला लागली की पान उलटता येईना. तोवर वाटलीच नव्हती, खरंच."

वहिनीनं तिचा हात हातात घेतला. मग दुसऱ्या हातानं तिनं फोन उचलला आणि मोठ्या डॉक्टरांचा नंबर लावला. तिकडून आधी वैताग आला, मग कागद चाळल्याचा आवाज आला. वहिनीनं फक्त दोन रूपांचे क्रमांक सांगितले आणि एकदाच म्हणाली की हो, घरचंच आहे, म्हणून दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घ्या. कागद आणणाऱ्याला ही चूक ठाऊक होती का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. उद्याचं रद्द झालं.

फोन खाली ठेवेपर्यंत तो पुन्हा वाजला. पडद्यावर नवऱ्याचं नाव.

बेबीनं हात सोडवून घ्यायला पाहिलं. वहिनीनं सोडला नाही.

"पोहोचलात का? मी इथे खाली दारात उभा आहे, एवढी मोठी रांग आहे बघ."

"तू घरी जा," वहिनी म्हणाली. "आम्ही दोघी घरीच येतोय."

तिकडे रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले. वहिनीनं डोळे मिटून घेतले. आता तो विचारेल, का. आता तो म्हणेल, मग माझं काय. त्याला तो हक्क होता, आणि काय सांगायचं ते तिनं मनात जुळवायला घेतलं.

"बेबीला काही निघालं का?" त्यानं विचारलं. "ती बरी आहे ना?"

वहिनीनं डोळे उघडले. बेबीनं ते ऐकलं होतं. तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली, तोंडावर दोन्ही तळवे धरले आणि या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच रडायला लागली.

"ते आता बघायचंय," वहिनी म्हणाली.