भिंतीच्या आरपार

शॉवर तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी गेटपाशी दूध घेत होतो. आधी प्लास्टिक फरशीवर आपटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा फवारा दारावर बसल्याचा, आणि त्यावरून माझ्या बायकोचा, साळूबाईचा आवाज, "काय न्हाई झालं. तुमचा शॉवर पडला."

चालू असतो तेव्हा तो आमच्या मुलाने, हर्षलने आणलेला शॉवर असतो. पडला की माझा.

मी दुधाचं पातेलं ओट्यावर आदळलं आणि बाथरूमकडे गेलो. माझी सून ज्योती माझ्याआधीच आत शिरली होती. तिने नळ बंद केला, सासूच्या अंगावर टॉवेल टाकला आणि दाराच्या फटीतून भिंतीतून उपटून आलेला होल्डर माझ्या हातात दिला. स्क्रू त्यालाच लटकत होते. एकाच्या टोकाला भिंतीच्या भोकात ठोकलेली गिट्टी तशीच, सिमेंटसकट.

"आण्णा, बास करा आता," हर्षल तोंडातला ब्रश काढून म्हणाला. "रोज नवा तमाशा नको. उद्यापासून बाई लावू. मी बोलून ठेवलंय एकीशी. सकाळी येईल, आईला आंघोळ घालून जाईल."

तो हे मोठ्याने बोलला. साळूबाईला ऐकू गेलं असणारच, कारण आतला सगळा आवाज थांबला.

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. पाय काठीवर चालण्याइतका परत आला, हात आला नाही. सहा महिने ज्योतीने तिला आंघोळ घातली. शाळेत शिक्षिका आहे पोरगी, साडेनऊला घर सोडते. डबे, स्वयंपाक आणि त्यात हे, पण कधी कपाळाला आठी नाही. तरी साळूबाई दिवसाआड काहीतरी काढायची. आज कसकस वाटतंय, आज डोकं जड झालंय, राहू दे आंघोळ. एकदा दार उघडं राहिलं म्हणून मला दिसलं. ज्योती पाठीवर पाणी ओतत होती आणि साळूबाई डोळे गच्च मिटून बसली होती, लहान मूल इंजेक्शनच्या वेळी मिटतं तसे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला अशी कधी बघितली नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. त्या दिवशी तो मी कपड्यांच्या दोरीवर काढला.

शॉवरची कल्पना व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमची. डावा हात चांगला आहे, हातात धरायचा शॉवर आणा, त्या स्वतः करतील, असं त्या म्हणाल्या. पण त्याच हातात शॉवर धरला तर साबण कोणत्या हाताने लावायचा? म्हणजे तो भिंतीला पक्का अडकवलेला पाहिजे, बसल्या जागेवरून काढता-ठेवता आला पाहिजे. एवढंच काम. मी साखर कारखान्याच्या बॉयलरवर तेहतीस वर्षं फिटर होतो. वीतभर जाडीचे वाफेचे पाईप मी छताला टांगलेत, त्यातला एकही खाली आला नाही. आणि हा पावशेराचा शॉवर तीन आठवडे मला नाचवत होता.

पहिला होल्डर शॉवरबरोबरच आला होता, रबरी वाटीने टाइलला चिकटणारा. आमच्या बोअरच्या पाण्याचा टाइलवर पांढरा थर बसलेला, वाटी दोन दिवसांत सुटली. मग बिभीषणला बोलावलं. कोपऱ्यावर त्याचं नळफिटिंगचं दुकान आहे. त्याने भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले आणि म्हणाला, "काका, आता भित पडंल, ह्यो न्हाई पडायचा." पाचव्या दिवशी भिंत उभी होती आणि होल्डर खाली. मी त्याच्या दुकानासमोर उभं राहून त्याला जे बोललो ते अर्ध्या गल्लीने ऐकलं. तिसऱ्या वेळी मी स्वतः बसवला. मोठी गिट्टी, लांब स्क्रू, वरून सिमेंट. तोच आता माझ्या हातात होता. आता शिव्या कोणाला घालायच्या?

मी होल्डर घेऊन पायरीवर बसलो. कारखान्यात तुटलेला बोल्ट आम्ही लगेच भंगारात टाकत नसू. उन्हात धरून बघायचा, कुठून गेला, ताण कोणत्या बाजूने आला. रागाच्या भरात मी हे विसरलो होतो. पहिले दोन होल्डर न बघताच फेकून दिले होते. हा बघितला. दोन्ही स्क्रू वाकले होते, आणि दोन्ही खालच्या बाजूला. पावशेर वजनाने लोखंडी स्क्रू वाकत नाही. त्याला कोणीतरी लोंबकळलं होतं.

साळूबाई अंगणात खुर्चीवर केस वाळवत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"हात दाव."

"कशाला?"

"दाव म्हन्तो ना. डावा."

तिने मूठ उघडली नाही. मीच उघडली. बोटांच्या मुळाशी आडवा लाल वळ होता, आणि त्याच्या शेजारी एक जुना, खपली धरलेला.

"त्याला धरून उठती व्हय तू?"

ती गेटकडे बघत राहिली.

"मी काय इचारतोय?"

"मंग कशाला धरू?" ती एकदम उसळली. "काठी वल्ल्या फरशीवर सरकती. नळाला हात घातला तर कडत पानी येतं अंगावर. भितीला काय शिंगं हायेत धरायला? हाताशी तेवढंच हुतं, धरलं."

"आन् सांगायला काय झालं हुतं? तीन आठवडे मी त्या बिभीषनाच्या नावानं बोंबलतोय. तू आपली गप."

"सांगितलं आस्तं तर तुमी काय केलं आस्तं? उठता येत न्हाई म्हनून ज्योतीला परत आत धाडली आस्ती."

मी तेच केलं असतं.

"पोरगी लई गुनाची हाय," साळूबाई आवाज खाली आणून म्हणाली. "तिला नाव ठिवनार न्हाई मी. पन ती हात लावती तवा मी मेल्यागत बसती. आन् आता ह्यो परकी बाई आनतोय. माझं आंग मला धुवू द्या. बाकी काय मागत न्हाई."

मला भयंकर राग आला होता. तिचा की माझा, ते कळेना. बहुतेक माझाच. बॉयलरवर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला सांगायचो, भार कुठून येतो ते आधी बघ. आणि घरात तीन आठवडे मी नुसती भिंत बघत होतो.

मी बाथरूममध्ये गेलो आणि तिच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो. उजवा हात खिशात घातला, उजवा पाय उचलून धरला आणि उठायला गेलो. उठता येईना. डावा हात आपोआप वर गेला आणि हवेत काहीतरी शोधायला लागला. सहा महिने मी तिला 'जरा जोर लाव की' म्हणत होतो.

बिभीषणचं दुकान रविवारी अर्धं उघडं असतं. मला बघून तो शटरकडे सरकला.

"ड्रिल मशीन घे आन् चल," मी म्हणालो.

"परत? मला नका बोलवू काका. गल्लीत तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाई तुमी."

"तुजी चूक न्हवती. तू चांगलाच बसवला हुता."

"तवा मोठ्यानं बोलला हुता, आता हळू का बोलता?"

मग मी मोठ्याने बोललो. शेजारचा किराणावाला वजन करता करता थांबला, इतक्या मोठ्याने. त्याशिवाय बिभीषण हलणार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं.

बेत साधा होता. पाऊण इंची लोखंडी पाईपचा दीड हात लांब उभा दांडा, दोन्ही टोकांना काटकोनात वळणारे एल्बो, पुढे भिंतीला टेकणाऱ्या चकत्या. शॉवरचा होल्डर त्या दांड्यालाच क्लॅम्पने आवळायचा. धरायचं तेही तेच, शॉवर अडकवायचा तोही तिथेच. पण ती भिंत चार इंची. तिच्यात गिट्टीवर माणसाचं वजन टिकत नाही. बोल्ट आरपार न्यायचे आणि पलीकडून लोखंडी प्लेट लावून नट आवळायचे. पलीकडे आमचा हॉल. दिवाळीत ज्योतीने स्वतः निवडून दिलेला बदामी रंग, टीव्ही, आणि टीव्हीशेजारी बरोब्बर ती जागा.

"हॉलमध्ये नट-बोल्ट?" हर्षल ओरडलाच. "आण्णा, घर आहे का वर्कशॉप? पाहुणे आले तर काय सांगायचं?"

"सांग, ह्याच्या पल्याड माजी आई आंघोळ करती म्हनून."

"आणि बाईला काय सांगू?"

"येऊ नको म्हनून सांग."

ज्योती कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिला वाकलेले स्क्रू दाखवले. तिने ते बघितले, मग अंगणातून आत आलेल्या सासूकडे बघितलं.

"आई, तुम्ही पडला असता तर?"

"न्हाई पडले ना."

"मला सांगायचं होतं हो. मी काही रागावले असते का?"

ज्योतीला लागलं, ते मला दिसलं. इतकं केल्यावर कोणालाही लागेल. ती हात धुऊन आली, टीव्हीची वायर काढली आणि सोफ्यावर जुनी चादर टाकली.

"पाडा भोकं," ती म्हणाली. "धूळ मात्र मी पुसणार नाही. हर्षल पुसेल."

बिभीषणने सवयीने छातीच्या उंचीवर टेप लावला. मी त्याला थांबवलं आणि साळूबाईला आत बोलावलं. ती कपड्यांनिशी स्टुलावर बसली, डावा हात वर केला आणि टाइलवर तळवा टेकवला.

"हितं."

"एवढ्या खाली?" बिभीषण म्हणाला.

"उठायचं मला हाय का तुला?"

मी तिच्या तळव्याभोवती पेन्सिलने रेघ मारली.

पहिलं भोक हॉलमध्ये निघालं तेव्हा हाताएवढा बदामी पोपडा खाली आला आणि हर्षल डोक्याला हात लावून अंगणात गेला. दुसरं भोक नीट पडलं. दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत पाईप कापणं, आटे पाडणं, प्लेटांना भोकं पाडणं सगळं झालं. नट मी स्वतः आवळले. बिभीषण "काका, बास, भित चेपंल" म्हणेपर्यंत आवळले.

कारखान्यात बॉयलरची टेस्ट दीडपट दाबावर घ्यायचो. साळूबाईचं वजन अठ्ठेचाळीस किलो, माझं बहात्तर. मी दांडा धरला, गुडघे दुमडले आणि लोंबकळलो. सत्तरीच्या माणसाने बाथरूममध्ये असं लोंबकळणं काही शोभत नाही. पण दांडा हलला नाही.

सोमवारी सकाळी ज्योती सवयीने टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी राहिली. साळूबाईने तो तिच्याकडून घेतला, खांद्यावर टाकला, काठी टेकत आत गेली आणि दार लोटलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

कडी लावायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दारावर थाप मारली.

"अगं, कडी कशाला लावती? काय झालं मंजे?"

"आंघोळीला बसलीय मी," आतून उत्तर आलं. "तुमी जावा तिकडं."

ज्योतीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघांनाही काही काम सुचेना. सहा महिने रोज या वेळी तिचे हात ओले असायचे आणि मी अंगणात उगाच फेऱ्या मारत असायचो. शेवटी ती पोळ्या लाटायला गेली.

मी हॉलमध्ये आलो. हर्षलने आदल्या संध्याकाळीच दोन्ही प्लेटांवर कॅलेंडर टांगलं होतं. मी ते बाजूला सारलं आणि वरच्या प्लेटवर तळवा टेकवला. भिंतीपलीकडे पाणी पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. मधे थांबायचं तेव्हा ती साबण लावत असणार. फार वेळ लावला तिने. मला दोनदा हाक मारावीशी वाटली आणि दोन्ही वेळा मी दात दाबून गप्प राहिलो.

मग पाणी बंद झालं. बराच वेळ काहीच ऐकू येईना.

आणि हाताखालच्या लोखंडाला ओढ बसली. नट घट्ट होते, प्लेट जागची सरकली नाही, तरी ती ओढ मला तळव्यात लागली, हळूहळू वाढत पूर्ण वजनाची झाली. तशीच राहिली थोडा वेळ. मग सुटली.

"आण्णा, चहा ठेवू का?" ज्योतीने आतून विचारलं.

"ठेव," मी म्हणालो. "उठली ती."