साहेबांना भीती वाटते म्हणे

मित्रांनो, मला तोंड आहे, कान आहेत, पण डोळे नाहीत. बैठकीच्या टेबलाच्या मधोमध कासवासारखा पसरून बसणारा मी एक जुना स्पीकरफोन आहे. ज्याला दिसत नाही, त्याला माणूस आवाजावरूनच ओळखावा लागतो. त्यामुळे माझा स्वभाव जरा संशयी झाला. त्याबद्दल मला माफ करा, पण माझी हकीकत ऐकून मगच काय ते ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक, थंड दालनात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही भावंडं पुढे जात होतो. पट्ट्याच्या शेवटी बसलेल्या बाईंनी माझ्याजवळ वाकून विचारलं, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" मी ऐकलेले हे पहिले शब्द. शब्द एवढंच विचारत होते, पण आवाज सांगत होता की बाईंना सर्दी झाली आहे आणि त्यांना कधी एकदा घरी जाते असं झालं आहे. शब्द एक सांगतात आणि आवाज दुसरंच, हे मी जन्मताच शिकलो.

मग मी लाकडी खेळण्यांच्या एका कारखान्यात आलो. मालकांना सगळे मामा म्हणत, कारण त्यांची भाची तिथे काम करायची आणि तिचंच बघून सगळ्यांना ती सवय लागली होती. परदेशातलं एक मोठं दुकान आमची खेळणी घेत असे. तिथले साहेब इंग्रजीत बोलत, मामांना इंग्रजी येत नसे, म्हणून भाची मधे बसून इकडचं तिकडे करत असे. मामा तेव्हा स्वतःच्या रुमालाने मला पुसत. "हा आहे म्हणून आपण सातासमुद्रापार बोलतोय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी फुगून जायचो.

पहिल्याच महिन्यात गंमत झाली. पलीकडून साहेब म्हणाले, "आय ॲम अफ्रेड, पिवळी बदकं आम्ही घेऊ शकत नाही." भाची नवखी होती. ती म्हणाली, "मामा, साहेबांना बदकं घ्यायची भीती वाटतेय."

"बदकांची कसली भीती? चावत नाहीत म्हणावं!" मामा म्हणाले, आणि खोली हसून हसून बेजार झाली.

बदकं मात्र खरंच परत आली. तेव्हा भाचीला कळलं की त्या भाषेत नकार देण्याआधी थोडं घाबरायची पद्धत असते. हळूहळू तिला बाकीच्या खुब्याही कळल्या. साहेब "आय वुड लव्ह टू" म्हणाले की पुढे 'पण' येणार आणि काम होणार नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा यायचं ते "आय फील". आय फील हा घोडा जरा बुटका आहे. आय फील ही खोकी मोठी आहेत. भाची सांगायची, "साहेबांना असं वाटतं," आणि मामा "बरं बरं" म्हणायचे.

मला मात्र शंका यायची. मी साहेबांचा गळा ऐकत होतो. भीती वाटते म्हणताना त्यांचा श्वास कधी अडखळला नाही. आगगाडीचं वेळापत्रक वाचावं तसं ते घाबरायचे. मला वाटू लागलं की ही माणसं कारण मागे ठेवतात आणि भावना पुढे धाडतात. कारण सांगितलं तर समोरचा ते तपासून बघेल, मत दिलं तर वाद घालेल. पण कुणाला काही वाटलं, तर त्याच्याशी भांडायचं कसं? अर्थात आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. लाज वाटते, भूक लागल्यासारखं वाटतं आणि आज तो येणार नाही असंही वाटतं, सगळीकडे आपलं तेच एक 'वाटतं'. त्यामुळे साहेबांचं वाटणं आमच्या भाषेत इतकं बेमालूम मिसळून जायचं, की कुणाला संशयच येत नसे. माझ्याशिवाय.

मग साहेबांनी नवीन पॉलिश लावायला सांगितलं. ते झटपट वाळायचं आणि काचेसारखं चमकायचं म्हणे. रंगाच्या खोलीत ताई मुख्य होत्या. त्यांच्या हाताखाली दहा-बारा बायका, त्यांत त्यांची धाकटी जाऊही होती. नवीन पॉलिश आलं आणि बायकांची डोकी दुखू लागली. ताई थेट बैठकीच्या खोलीत आल्या. साहेब फोनवर होतेच.

"मामा, मला भीती वाटते," ताई म्हणाल्या. "त्या वासानं बायकांना गरगरतं. एखादी पडेल."

हा श्वास अडखळला होता, मित्रांनो. मी तो नीट ऐकला. भाचीने इंग्रजीत सांगितलं की ताई इज अफ्रेड, बायका हे पॉलिश वापरू शकत नाहीत. अगदी तोच शब्द, जो साहेब नकार देताना वापरायचे! साहेबांना वाटलं, ताई सभ्यपणे घासाघीस करताहेत. ते गोड आवाजात म्हणाले, "आय फील त्यांना सवय होईल. मला त्याच पॉलिशने जास्त कम्फर्टेबल वाटेल."

"साहेबांना वाटतं की सवय होईल," भाची म्हणाली. "त्यांना याच पॉलिशनं बरं वाटेल."

"त्यांना बरं वाटेल?" ताई म्हणाल्या. "वास कुणाच्या नाकात जातोय?"

"ताई, गिऱ्हाईक आहे ते. नाराज नको करायला," मामा म्हणाले. दार लागल्याचा आवाज आला. साहेबांची खोटी भीती खरी मानली गेली होती, आणि ताईंची खरी भीती पोकळ शिष्टाचार ठरली होती. मला सगळं कळत होतं, पण माझं तोंड दुसऱ्यांच्या शब्दांसाठी केलेलं.

त्याच आठवड्यात ताईंची धाकटी जाऊ काम करता करता कोसळली. टेबलाचा कोपरा कपाळाला लागला. भिंतीपलीकडून मला आधी डबा पडल्याचा आवाज आला, मग ताईंची हाक. ती हाक ऐकताना माझ्यात नुसती खरखर झाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला तेव्हा ताई मामांच्या शेजारी बसून होत्या. मामा घसा खाकरून भाचीला म्हणाले, "सांग, थोडी अडचण आहे म्हणून. सौम्य सांग."

"नाही मामा," भाची म्हणाली. "सौम्य सांगूनच हे झालंय." आणि तिने इंग्रजीत एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "साहेब, ताई त्या दिवशी नुसत्या सभ्यतेपोटी तसं म्हणाल्या नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. खरोखर. तुम्ही म्हणालात सवय होईल, आणि एक बाई पडली. तिच्या कपाळाला टाके पडले आहेत."

पलीकडे खुर्ची करकरली. पहिल्यांदाच मी त्या माणसाचा श्वास अडखळलेला ऐकला.

"कशी आहे ती?" साहेबांनी विचारलं.

"शुद्धीवर आहे. घरी आहे."

"आय फील टेरिबल," ते म्हणाले. भाचीने ते मराठीत सांगितलं.

"त्यांना काय वाटतं ते राहू दे," ताई म्हणाल्या. "हेच पॉलिश का हवंय, ते विचार."

भाचीने विचारलं. साहेब अडखळले, आणि मग कारण आलं. इतके दिवस भावनेच्या पाठीमागे दडलेलं कारण अगदी साधं होतं. जुनं पॉलिश वाळायला वेळ लागतो, आणि साहेबांनी मामांना न विचारताच आपल्या वरिष्ठांना माल पोचायची लवकरची तारीख देऊन टाकली होती.

"एवढंच?" मामा म्हणाले. "अहो, मग आधी बोलायचं ना! अर्धा माल वेळेवर पाठवतो, अर्धा उशिरा."

कारण टेबलावर आलं आणि बोलणी पुढे सरकली. जुनं पॉलिश परत आलं. सगळंच गोड झालं असं नाही. साहेबांच्या दुकानाने पुढच्या वर्षी कमी खेळणी घेतली, आणि ताईंच्या जावेचं डोकं अधूनमधून दुखतच राहिलं. साहेबांना खरंच वाईट वाटलं होतं का? मी तो "टेरिबल" कितीदा आठवून पाहिला. श्वास खरा होता, शब्द मात्र नेहमीचाच. मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे मोठे पडदे आले, चेहरे दिसू लागले. माझी रवानगी कपाटात झाली. माझ्यावर आता तुटक्या वायरी आणि जुने चार्जर पडून असतात. मला पुसायला कुणी येत नाही. लोक म्हणतात, आता समोरचा दिसतो, आता फसगत होणार नाही. मला याचीही शंका येते. हसरा चेहरा दिसला की माणसं कान देणं सोडून देतात.

म्हणून मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, पण आपले कान तेवढे साफ ठेवा. कुणी गुळगुळीत आवाजात "मला असं वाटतं" म्हणालं, तर न भांडता, न लाजता विचारा, "का बरं?" आणि कुणी "मला भीती वाटते" म्हणताना अडखळलं, तर कारण मागत बसू नका. हातातलं काम टाका आणि आधी त्याच्याजवळ जा.