नवरीच्या गाडीचं नाक

करा सांडला तो नेमका नवरदेवाच्या मांडीवर.

रस्त्यातला मोठा खड्डा काळूरामच्या ओळखीचा होता. तो त्याने नेहमीसारखा टाळलाही. पण त्याच्या पुढचा लहान खड्डा कालपरवाच जन्माला आलेला. एस्टीमचं पुढचं चाक त्यात गेलं, खालून ‘कटाक’ असा आवाज आला आणि मागच्या सीटवर करवलीच्या हातातला करा, म्हणजे पाण्याने भरलेला, आंब्याच्या पानांवर नारळ ठेवलेला तांब्या, अर्धा रिकामा झाला. नवरदेव फिक्या रंगाच्या सफारीत होता. मांडवाच्या दारात तो उतरला तेव्हा बँड मध्येच थांबला, कारण क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला हसू आवरेना.

काळूराम स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत लग्नाची गाडी म्हणजे काळूरामची पांढरी एस्टीम, असं इतकी वर्षं चालत आलेलं. जीपमधून वऱ्हाड जातं, नवरी जात नाही, असं त्याचं स्पष्ट मत होतं. एरवी तो भातशेती करायचा, अडलेलानडलेला पेशंट शहापूरला पोचवायचा. पण लग्नसराई आली की बोनेटवर झेंडूच्या माळा चढायच्या आणि काळूरामची मान आपोआप ताठ व्हायची. आज त्या मानेची रयाच गेली.

त्यात दुर्दैव असं, की त्या मांडवात त्याचे होणारे व्याही जेवायला आलेले होते. वैशाखरे गावचे. त्यांच्या मुलाशी काळूरामच्या जयाचं लग्न ठरलं होतं. त्यांनी नवरदेवाची विजार पाहिली, गाडी पाहिली, आणि पान लावत काळूरामजवळ आले.

"काळूशेठ, आमी जयासाठी क्वालिस सांगितलीय. तुमची गाडी आता थकली."

"माझी पोरगी माझ्या गाडीतनं जायची. मीच सोडायला येनार."

"बाप कुठं त्याच दिवशी पोरीच्या सासरी येतो का?"

"बाप म्हनून नाय येत," काळूराम म्हणाला. "डायवर म्हनून येतो."

व्याही हसले. माणूस मजेशीर होता, पण शब्दाचा पक्का. ते म्हणाले, "बरं. पन क्वालिस मागनं येईल. सरळगावच्या नाक्यावर मी करा बघनार. पानी सांडलेलं दिसलं तर पोरगी क्वालिसमध्ये, आन तुमी तिथनं माघारी."

काळूराम हो म्हणून बसला. यात नुसती गाडीची हौस नव्हती, हे त्याने जनाला, म्हणजे बायकोलाही, सांगितलं नाही. इतक्या नवऱ्या त्याने सासरी पोचवल्या होत्या, की आरशात बघून त्याला सगळं ठाऊक झालं होतं. गाव सुटलं की नवरी रडते. सरळगावला रडू थांबतं. टोकावड्याला ती पहिल्यांदा काचेबाहेर बघते, आणि मग ती माहेरची राहत नाही. आपल्या जयाला तसं बाहेर बघताना कुणी परका ड्रायव्हर आरशातून पाहणार, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तो शहापूरला भगीरथच्या गॅरेजात गेला. भगीरथ मूळचा उंबरमाळीकडचा. बोलणं थोडं, ठाम, आणि निम्म्या वेळा चुकीचं. त्याने पुढचं चाक काढलं, आत हात घालून धक्के गिळणारा शॉकप हलवला.

"काळूदादा, हा शॉकप नाय राहिला. ही नुसती नळी हाय."

"मग नवीन घाल."

"दोनदा घातले ना? एक पावसाळा काढतात." भगीरथने कोपऱ्यातून गोणपाटात गुंडाळलेली जोडी आणली. पिवळ्याधमक स्प्रिंगा, आणि आतल्या नळीला खालपर्यंत आटे. "याला कॉइलोवर बोलतात. कंपनीचं नाय, बाहेरचं हाय. रेसच्या गाड्यांना घालतात. ही चकती पान्यानं वर फिरवली का गाडीचं नाक वर, खाली फिरवली का खाली. भिवंडीच्या एका हौशी मानसानं गाडी झाडाला घातली, तिचे काढलेत."

"झाडाला घातलेल्या गाडीचे माझ्या पोरीच्या लग्नाला?"

"मागनं घातली दादा. हे पुढचे हायत."

पिवळ्या स्प्रिंगा बसल्या. चाचणीसाठी त्याने घरचा तांब्या भरून मागच्या सीटवर, दोन उशांच्या मधोमध ठेवला आणि बाजाराच्या रस्त्याला एक फेरी मारली. आधी पाणी मांडीवर सांडायचं, आता ते टपाला लागलं. गाडी दावं सुटलेल्या वासरासारखी उडत होती आणि काळूरामचे दात एकमेकांवर आपटत होते.

"स्प्रिंग कडक हाय," भगीरथ शांतपणे म्हणाला. "वजन पायजे. वजन बसलं का लोन्यासारखी चालंल."

यावेळी भगीरथचं म्हणणं बरोबर निघालं. काळूरामने घरून तांदळाच्या गोण्या आणल्या आणि वऱ्हाड बसवलं. मागे नवरदेवाची गोण, करवलीची गोण, मधे जयाची. जयाच्या गोणीतून त्याने चार पायली तांदूळ काढून घेतला, कारण पोरगी अंगाने बारीक. सगळ्यांना पट्टे लावले. पुढच्या टायर आणि मडगार्डच्या मधे बरोबर दोन बोटं राहतील अशी चकती फिरवली, आणि असं हे वऱ्हाड घेऊन तो आठवडाभर फिरला.

"काळू, तांदूळ देवदर्शनाला चाललेत का रे?" नाक्यावर कोणी तरी विचारलं. जना ओट्यावरून बघायची आणि म्हणायची, "पोरगी घरात हाय अजून, आन बाप तिची गोन फिरवतोय."

पाणी मात्र अजून थोडं सांडतच होतं. शेवटी त्याच्या ध्यानात आलं, की पुढच्या सीटवर, आपल्या बाजूला, एकीऐवजी दीड गोण ठेवली की तांब्या नुसता थरथरतो, सांडत नाही. म्हणजे पुढे दीड गोणीचं माणूस हवं. आख्ख्या भावकीत तसं माणूस एकच होतं: त्याची थोरली बहीण सकुबाई.

इथे काळूराम अडला. कारण गाडीचं पुढचं अंग बसत चाललं तसं त्याने सकुबाईला गाडीत घेणंच बंद केलं होतं. मागच्या साली एका लग्नात सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "आक्के, तू जीपमधे बस, गाडी टेकते." तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची.

तो गेला तेव्हा ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"आक्के, जयाची पाठराखीन तूच जायची सासरी."

"ते तर मीच जानार. जीपमधनं."

"नाय गो. माझ्या गाडीतनं. पुढं, माझ्या बाजूला."

सूप थांबलं. "मागल्या साली टेकत होती ना गाडी?"

"तेव्हा गाडी वाईट होती. आता तुझ्याशिवाय चालत नाय."

सकुबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आठवडाभर गोण्या फिरवल्याची बातमी तिच्यापर्यंत कधीच आली होती. "मी पायजे का माझं वजन पायजे?"

काळूरामला खोटं बोलता येत नसे. "दोनी," तो म्हणाला.

ती हसली नाही, पण सूप पुन्हा हलायला लागलं. "येईन. पन सरळगावला मना भजी पायजेत. आन उतरताना मना कोनी हात द्यायचा नाय. मी माझी उतरेन."

लग्न सकाळच्या मुहूर्ताचं होतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि पाठवणीच्या वेळी एक अडचण आली जिचा कुणी विचारच केला नव्हता. जया आईच्या गळ्यात पडून रडली, चुलत्यांच्या पाया पडली, आणि मग बापाच्या गळ्यात पडायला वळली तर बाप फेटा काढून गाडी सुरू करून बसलेला. बाप तर बरोबर येत होता. त्याचा निरोप घ्यायचा की नाही, हे पोरीला कळेना. शेवटी ती डोळे पुसत मागे बसली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला त्याची बहीण मीना, मांडीवर काठोकाठ भरलेला करा घेऊन. सकुबाई पुढे बसली. गाडीचं नाक खाली आलं आणि दोन बोटांवर थांबलं.

मागून क्वालिस येत होती. काळूरामने आयुष्यात गाडी इतकी सांभाळून चालवली नव्हती. खड्डा आला की तो आधी खड्ड्याकडे बघायचा, मग सकुबाईकडे. एका मोरीवर पुढची दोन्ही चाकं एकदम खाली गेली. कऱ्यातलं पाणी काठापर्यंत आलं, नारळ हलला, आणि पाणी परत खाली बसलं.

"झोपू का मी?" सकुबाईने विचारलं.

"झोप, पन सरळ बसून झोप. डावीकडं कलू नको."

सरळगावच्या नाक्यावर व्याही क्वालिसमधून उतरले, एस्टीमची मागची काच खाली करायला लावली आणि कऱ्यात डोकावले. विश्वास बसेना म्हणून त्यांनी बोट पुढे केलं.

"बोट नको घालू रे, पूजेचं पानी हाय," सकुबाई पुढून म्हणाली. "आन इथं उभाच हायस तर भजी घेऊन ये."

व्याही निमूटपणे भजी आणायला गेले. काळूरामच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि लगेच दुसरं चढलं. कारण आता कऱ्याची पैज जिंकली होती आणि जयाला पोचवणं तेवढं राहिलं होतं. आरशात बघायचं नाही, असं त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. टोकावड्यापर्यंत ते पाळलं. टोकावड्याला त्याने बघितलं. जया काचेबाहेर बघत होती. समोर डोंगर होते, आणि ती नवऱ्याला हळूच त्यांची नावं विचारत होती. काळूरामने गिअर बदलला, गरज नसताना.

वैशाखऱ्यात दारात गाडी थांबली. सकुबाई सांगितल्याप्रमाणे आपली आपण उतरली. जयाही उतरली, आणि तेवढ्यात मीना म्हणाली, "वैनी, आधी डायवरचा नारळ."

ही या भागातली रीत आहे. सुखरूप पोचवल्याबद्दल नवरी उंबरा ओलांडायच्या आधी ड्रायव्हरला नारळ देते. असे नारळ काळूरामने किती घेतले होते, ते सगळे जनाने फोडून आमटीत घातले होते. मीनाने कऱ्यावरचा नारळ काढून जयाच्या हातात दिला. जया खिडकीपाशी आली. तिने दोन्ही हातांनी नारळ पुढे केला. वाकून पाया पडावं तर मधे गाडीचा दरवाजा.

काळूराम दर वेळी नवरीला एकच वाक्य म्हणायचा, "सुखानं राहा पोरी." ते त्याला झोपेतही पाठ होतं. आज त्यातलं "सुखानं" एवढंच बाहेर आलं.

"बाबा," जया म्हणाली, "हळू जा. गाडी रिकामी हाय आता."

परतीच्या वाटेवर ते खरं ठरलं. पाठराखीण सासरी राहिली होती, पोरगी राहिली होती. कडक स्प्रिंगांवर रिकामी गाडी उडत होती आणि सकुबाईच्या सीटवरचा नारळ दोनदा खाली गडगडला. तिसऱ्यांदा त्याने गाडी बाजूला घेतली आणि नारळाला पट्टा लावला.

दिवेलागणीला तो घरी पोचला. मांडवातले लोक पांगले होते. जना ओट्यावर बसली होती. तिने काही विचारायच्या आधी गाडीकडेच बघितलं.

"नाक वर गेलंय गाडीचं."

काळूरामने पाना काढला आणि चाकापाशी उकिडवा बसला. टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं घातली. चार बोटं आत गेली, तरी जागा उरली.

"खाली कर ना," जना म्हणाली. "परवा भाडं हाय."

काळूरामने उठून पाना जागेवर ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "मांडवपरतनीला जया माहेरी यायची हाय, आक्केसंगं ह्याच गाडीतनं."