बाहेरचं नाक

धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आमच्या शाळेतून एकच जण जाणार होतं, आणि ते मीच, असं मी घरीदारी सांगून मोकळी झाले होते. ठरवणार होते नाशिकहून आलेले तपासनीस साहेब. रूपचंदने बॅटरीवरची घंटा केली होती. साहेबांनी ती दोनदा वाजवायला लावली. मग हेडसर म्हणाले, "जसोदा, तुझं यंत्र कुठंय?"

"यंत्र नाही सर, नाकं आहेत."

आठवीपर्यंत मी वर्गात 'हजर' सोडून काही बोलले नव्हते. यंदा तोंड सुटलंय, त्याला इलाज नाही.

आभाळातून गॅमा किरण येतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते हुडकायला मागच्या वर्षी अमेरिकेने उपग्रहात दुर्बीण बसवून वर सोडली, असं आमच्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं. न दिसणारी गोष्ट कुठून आली हे कसं कळतं, ते मी दाखवणार होते. चार कोपऱ्यांत चार मैत्रिणी, डोळ्यांना रुमाल. पाचव्या मैत्रिणीने, तापीने, मिरचीची पूड उघड्या ताटलीत, मलाही न सांगता, कुठंतरी लपवलेली. जी आधी शिंकेल, तिच्या बाजूला ताटली.

कोणी शिंकेना.

खिडक्यांतून वारा आला, गेला. मी चौघींतल्या मोतीच्या कानाशी लागले. "शिंक ना गं."

"मले काहीच व्हई नही ऱ्हायनं," मोती म्हणाली. "आम्हना घर ते रोजच कांडतस मिरच्या."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. चौघींचीही घरं पथारीला लागून, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या मैदानाला. तिथे रांगायला शिकलेल्या पोरी काय शिंकणार? निवडताना मी मैत्री बघितली, नाक नाही.

"जसोदा, घंटा वाजाडू का?" मागून रूपचंद. वर्ग हसला. धुळं माझ्यापासून लांब लांब जायला लागलं.

तेवढ्यात साहेब शिंकले. मग परत, मग परत. हेडसर पाण्याकडे धावले, मी खुर्चीकडे.

"साहेब, जरा दाराकडे तोंड करता?"

त्यांनी केलं. शिंक थांबली. फळ्याकडे केलं, तरी काही नाही. खिडकीखालच्या नकाशांच्या गुंडाळ्यांकडे वळले आणि शिंकांची माळच लागली. मी गुंडाळ्या बाजूला केल्या. मागे ताटली.

"म्हणजे मी दुर्बीण का?" साहेब डोळे पुसत म्हणाले.

"हो साहेब. तीपण अशीच फिरत फिरत बघते. जमिनीवर ठेवून तिचा उपयोग नाही, आपली हवा ते किरण वाटेतच गिळते. म्हणून हवेच्या बाहेर न्यायची. आमची नाकं इथल्या हवेत मुरलीत. बाहेरचंच नाक हवं होतं, मला उशिरा सुचलं."

हेडसरांनी डोळे मिटून घेतले.

"आणि किरण असे कणाकणाने न येता," साहेबांनी विचारलं, "वर कोणी एकदम पोतंच झटकलं तर?"

"दुर्बीण नेमकी तिकडे पाठ करून असेल तर हुकेल. म्हणून एक नको, चार हव्यात. चार कोपऱ्यांत."

"मग धुळ्याला या चौघींना नेणार?"

"नाही साहेब. ताटली नेईन. नाकं तिथली वापरेन."

रूपचंदने घंटेची तार हळूच काढून खिशात घातली. साहेब हेडसरांकडे वळले. "हिलाच पाठवा. फक्त त्या दिवशी मला धुळ्याला बोलावू नका."